काका, बार अटकला काय?

"काका, बार अटकला काय? येऊ काय सपोर्टला?"

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या तळघरातल्या जिममध्ये हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. लोखंडी खांबांच्या चौकटीत, म्हणजे रॅकमध्ये, बेंच, बेंचवर मी उताणा, छातीपासून चार बोटं वर बार, आणि तो बार तसूभर हलत नाही. चेहरा लालबुंद. चोपन्न वर्षांच्या माणसाला असं पाहिलं की पोरं धावतात, त्यात त्यांचं चुकत नाही. पण त्या क्षणी मला बोलता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत सांगतो.

बार अटकलेला नाही, मीच अटकवलाय. रॅकच्या खांबांना भोकं असतात, त्यांत आडव्या सळ्या, म्हणजे पिना, घालतात. खालच्या पिनांवर रिकामा बार ठेवायचा, त्याच्या जरा वर दुसऱ्या पिना लावायच्या, बार त्यांना भिडवायचा आणि सहा-आठ सेकंद जीव खाऊन ढकलायचं. पिना हलत नाहीत, हलू नयेतच. यालाच स्थिर (आयसोमेट्रिक) व्यायाम म्हणतात. (रॅक जमिनीला बोल्टने आवळलेला हवा. पहिल्या दिवशी आमच्या रॅकचा एक पाय करकरला होता, तेव्हा माझ्या आधी मालक घाबरला.)

हे मी कशापायी करतो? बेंच प्रेसला, म्हणजे बेंचवर पडून बार छातीवरून वर ढकलण्यात, ऐंशी किलोवर मी चार महिने रुतून बसलो होतो. बार छातीला टेकायचा, चार बोटं वर यायचा आणि तिथेच मरायचा. पुढचा अर्धा रस्ता मला जमत होता, प्रश्न त्या चार बोटांचा होता. बार खाली-वर करून पूर्ण रेप मारताना त्या जागी आपण निमिषभरच असतो, मग तिथला सराव होणार कधी? ज्या जागी मार खातो तिथेच थांबून जोर लावायचा, एवढाच माझा हिशोब.

याला मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे. ज्या कोनात धरून ठेवाल, ताकद मुख्यतः त्याच कोनात वाढते, आजूबाजूला साधारण पंधरा-वीस अंशांपर्यंत. त्यातही स्नायू ताणलेल्या अवस्थेत धरला तर फायदा जास्त पसरतो, आखडलेल्या अवस्थेत धरला तर कमी. म्हणून हात जवळजवळ सरळ करून, दीडशे किलो लादून, दोन सेकंद थरथरणारा माणूस बघितला की मला वाटतं, हा फोटोपुरताच व्यायाम. वजन दांडगं दिसतं, पण तो कोन त्याला कधी अडवतच नव्हता.

ट्युशनला जाणाऱ्या एका पोराने मला फिजिक्स ऐकवलं होतं. "काका, डिस्प्लेसमेंट झिरो, म्हणजे वर्क झिरो. तुम्ही तर कामच नाही करून राहिले!" बाहेरून बरोबर आहे बाप्पा. पण स्नायूच्या आत प्रथिनांचे धागे एकमेकांना पकडतात, ओढतात, सोडतात, परत पकडतात, आणि प्रत्येक वेळी इंधन जळतं. त्याला मी भिंतीला पाठ लावून खुर्ची करायला लावली. शाळेत शिक्षा म्हणून करायचो तीच. मिनिटभरात त्याच्या मांड्या नाचायला लागल्या.

ही युक्ती नवी नाही. 1953 साली हेटिंगर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी सांगितलं, की दिवसातून एकदा, पूर्ण ताकदीच्या दोन-तृतीयांश जोराने, सहा सेकंद धरलं तर आठवड्याला पाच टक्के ताकद वाढते. साठच्या दशकात अमेरिकेत याचं एवढं पीक आलं, की वजनं विकणारा आणि वेटलिफ्टिंगचा कोच असलेल्या बॉब हॉफमनने त्यासाठी खास रॅक विकले आणि त्याच्या वेटलिफ्टरांचे आकडे झपाट्याने वाढले. पुढे कळलं, की त्यांतले काहीजण त्याच काळात डायनाबॉल ही स्टेरॉइडची गोळीही घेत होते. मग श्रेय पिनांना द्यायचं की गोळीला? पाच टक्क्यांचा तो आकडाही पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. माझं मत विचाराल तर हा प्रकार लोणच्यासारखा आहे. ताटात हवा, पण जेवण म्हणून नाही. आधी नेहमीचे सेट, शेवटी दोन-तीन वेळा धरून ठेवणं, तेही आठवड्यातून एकदाच.

आता श्वास. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, तळघरात एक कूलर, आणि मी श्वास कोंडून ढकलतोय. उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी. जोर लावताना स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबतो, त्यात श्वास कोंडला की बीपी एकदम चढतं. तेव्हापासून मी दातांच्या फटीतून सूं करत हवा सोडत राहतो. मी लालबुंद असूनही बोलत नाही ते यामुळे. बीपीची गोळी चालू असेल तर पूर्ण जोराच्या भानगडीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पडू नका.

गंमत अशी, की हलक्या जोराने केलेली तीच भिंतीची खुर्ची काही आठवडे नियमित केली तर आरामातलं बीपी कमी होतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका मोठ्या आढाव्यात तर या बाबतीत स्थिर व्यायाम चालणं-पळणं आणि वजनं, दोघांच्याही पुढे निघाला. नेहमीची पद्धत म्हणजे दोन-दोन मिनिटं चार वेळा, मध्ये विश्रांती. माझी बायको सकाळी कुकरच्या शिट्या होईस्तोवर स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून हेच करते. तिला रॅक लागत नाही, पिना लागत नाहीत, आणि तिला कोणी विचारतही नाही.

माझं काय झालं? दोन महिन्यांनी साडेब्याऐंशी उठले. पण त्याच काळात पाऊस आला, रात्रीची झोप सुधारली, त्यामुळे सगळं श्रेय पिनांना देणार नाही. एवढं मात्र दिसलं, की बार आता त्या चार बोटांवर मरत नाही. मेलाच तर जरा वर जाऊन मरतो.

म्हणून आता पिना एक भोक वर सरकवल्या आहेत. सातव्या भोकापाशी खडूची रेघ आहे, ती माझी. साफसफाईच्या नादात पुसू नका.