फायबरचा कनेक्टर निवडताना रंगही बघा

स्विचच्या एसएफपी मॉड्यूलमध्ये (फायबर जोडायचा छोटा सुटा भाग) आज जवळपास सगळीकडे एलसी कनेक्टर दिसतो. त्याचा फेरुल (फायबरचं टोक धरणारी बारीक नळी) १.२५ मिमीचा, म्हणजे एससी कनेक्टरच्या २.५ मिमीच्या निम्मा, त्यामुळे तेवढ्याच जागेत दुप्पट पोर्ट बसतात. एससी ढकलला की बसतो, ओढला की निघतो. एसटी फिरवून अडकवायचा आणि एफसी आट्यांचा. हे दोन्ही आता जुन्या पॅच पॅनलवर किंवा मोजणीच्या उपकरणांवरच भेटतात.

खरी गडबड होते ती पॉलिशमध्ये, म्हणजे टोक कसं घासलंय त्यात. सिंगल मोडमध्ये (प्रकाश एकाच वाटेने नेणारा, बारीक गाभ्याचा फायबर) निळा कनेक्टर म्हणजे यूपीसी (तिरकं न घासलेलं टोक), हिरवा म्हणजे एपीसी. एपीसीचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे परत फिरणारा प्रकाश गाभ्यात न जाता बाहेर पडतो. हिरवा आणि निळा एकमेकांना जोडू नका. अ‍ॅडॉप्टरमध्ये दोन्ही आरामात बसतात, म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही. पण मध्ये हवेची फट राहते, सिग्नल पडतो आणि टोकांवर ओरखडेही येऊ शकतात.

एमपीओ या अनेक फायबरच्या कनेक्टरमध्ये बहुधा १२ फायबर एकत्र असतात. मॉड्यूलला पिना असतात, म्हणून केबल बिनपिनांची घ्या. पोलॅरिटी (कुठला फायबर दुसऱ्या टोकाला कुठे निघतो ती मांडणी) ए, बी की सी, हे मागवण्याआधीच ठरवा.

आणि धूळ! सिंगल मोडचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. एक कणही लिंक पाडू शकतो. आधी स्कोपखाली (टोक तपासायचा सूक्ष्मदर्शक) बघा, कोरड्या क्लीनरने पुसा, परत बघा, मगच जोडा. नवी कोरी पॅच कॉर्डसुद्धा याला अपवाद नाही. बघण्याआधी दुसऱ्या टोकाचा लेझर बंद आहे ना, याची खात्री करा.