सिरफिड माशी पाळणं: अंड्यापासून कोषापर्यंतच्या नोंदी

एपिसिरफस बाल्टिएटस या सिरफिड माशीची (फुलांवर हवेत तरंगणारी, मधमाशीसारखी दिसणारी माशी; अळ्या मावा खातात) चालू तुकडी कोषात गेली आहे. ही जात पाळू पाहणाऱ्यांसाठी आतापर्यंतच्या नोंदी.

आधी ओळख. लांबी साधारण ९ ते १२ मिमी, पोट नारिंगी. तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर मागच्या कडेला जाड काळा पट्टा आणि त्याच्या पुढे मिशीसारखी बारीक काळी रेघ. ही जोडरेघ दिसली की जात जवळपास नक्की. मधमाशीशी घोळ होत असेल तर पंख मोजा, इथे एकच जोडी असते. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकतात, मादीच्या डोळ्यांत फट राहते.

अंडी शोधायची ती माव्याच्या (झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या) वसाहतीत किंवा तिच्या कडेला. एकेक सुटं, पांढरं, लांबट, जेमतेम १ मिमीचं अंडं पानावर आडवं पडलेलं असतं. पिवळ्या उभ्या अंड्यांचा पुंजका बहुधा ढालकिड्याचा (लेडीबर्डचा), तो डब्यात नको. अंडं ब्रशने सोडवायला गेलं की फुटतं, म्हणून पानाचा तुकडाच कापून घ्यावा. २० ते २२ अंशांना दोन ते चार दिवसांत अळी बाहेर येते.

सगळ्यात जास्त मर होते ती इथे. झाकणावर पाणी साठलं की नुकतीच निघालेली अळी त्या थेंबात अडकून बुडते. झाकणाचा मधला भाग कापून मलमल लावा, तळाला टिपकागद घाला आणि तो रोज बदला. माव्याचा चिकटा (त्याच्या अंगातून पडणारा गोड, चिकट द्रव) कागदावर राहिला की बुरशी धरलीच. माव्याची फांदी कापसाचं बूच लावलेल्या पाण्याच्या कुपीत ठेवली तर डबा कोरडा राहतो. फांदीवर मुंग्या असतील तर आधी झटकून घ्या.

अळीला ना पाय, ना डोळे. डोकं डावी-उजवीकडे फिरवत चाचपते, मावा लागला की त्याला हवेत उचलून धरते, शोषते आणि रिकामी कातडी टाकून देते. कोषात जाईपर्यंत एकेक अळी काही शे मावा फस्त करते, त्यातला बराचसा तिसऱ्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत. हिशेब चुकतो तो तिथेच: सुरुवातीला भरपूर वाटणारा मावा ऐन वेळी संपतो आणि अळ्या एकमेकींना खातात. त्यामुळे दुसऱ्या अवस्थेपासून एका डब्यात एकच अळी.

खाणं थांबून कागदावर काळा, तेलकट डाग दिसला तर घाबरू नका. अळी आतापर्यंत साठवलेली विष्ठा कोषाआधी एकदमच टाकते. यानंतर तिला हलवायचं नाही.

कोष एका टोकाला फुगीर, दुसरीकडे निमुळता. माशी फुगीर टोकाचं टोपण उघडून निघते. त्याऐवजी कुरतडलेलं वेडंवाकडं भोक दिसलं तर आतून परजीवी गांधीलमाशी निघाली असं समजा, बहुतेक डिप्लाझोन या प्रजातीची. ती सिरफिडच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीतच अंडी घालते, त्यामुळे बाहेरून आणलेल्या तुकडीत हा धोका राहतोच.

सध्याचे कोष दोन डब्यांत विभागले आहेत, एक २५ अंशांना, दुसरा १५ला. कोषावस्थेतल्या थंडीने या जातीच्या पोटावरचा काळा रंग वाढतो, म्हणून थंड डब्यातल्या माश्या गडद निघायला हव्यात, आणि बऱ्याच उशिरानेही. नुकत्या निघालेल्या माशीचा रंग फिकाच असतो, तुलनेचे फोटो दुसऱ्या दिवशी काढायचे. खायला साखरपाण्याच्या जोडीला परागकण हवेतच, नाहीतर मादीची अंडी पक्व होत नाहीत.