ब्यूफर्ट आणि सेंट हेलेना : जिथून मळेवाले एका दिवसात पळाले

दक्षिण कॅरोलायनात येणारे बहुतेक लोक चार्ल्सटनला उतरतात, फोर्ट सम्टर बघतात, जुन्या वाड्यांसमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. अमेरिकेच्या यादवी युद्धाची, म्हणजे गुलामी टिकवायला फुटून निघालेली दक्षिण आणि केंद्र सरकारची उत्तर यांच्या लढाईची, पहिली तोफ तिथे धडाडली, १२ एप्रिल १८६१ ला, हे खरं. पण त्या युद्धाने गुलामीवर उभा असलेला समाज आतून कसा उलथला हे बघायचं असेल, तर तिथून गाडीने दीड तासावर असलेल्या ब्यूफर्टला जा. आम्ही चार्ल्सटनचा मुक्काम कमी करून इकडे आलो. आता कुणीही विचारलं तर मी हेच सुचवते.

१८६० मध्ये या राज्यातल्या सुमारे सात लाख माणसांपैकी चार लाख गुलाम होती. किनाऱ्यावरच्या बेटांवर तर हे प्रमाण कितीतरी जास्त. इथे लांब धाग्याचा, जगातला अत्यंत महाग कापूस पिकायचा आणि त्यावर ब्यूफर्टची घरं उभी राहायची. ७ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेचं आरमार पोर्ट रॉयलच्या खाडीत शिरलं आणि काही तासांत दोन्ही किल्ले गप्प झाले. मळेवाल्यांनी हाताला लागेल ते होड्यांत भरलं आणि पळ काढला. ‘तुम्हीही चला’ असं त्यांनी गुलामांना बजावलं, पण बहुतेकजण हलले नाहीत. कुणी शेतात लपलं, कुणी दलदलीत. मागे सुमारे दहा हजार माणसं उरली. मालक नाही, पण कायद्याने स्वातंत्र्यही नाही. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अजून वर्षभराहून लांब होता. वॉशिंग्टनमधल्या सरकारने काही ठरवायच्या आधीच या लोकांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, आणि इथे फिरताना सगळीकडे तेच जाणवत राहतं.

सुरुवात क्रेव्हन स्ट्रीटवरच्या जुन्या अग्निशमन केंद्रापासून करा. युद्धानंतर गुलामीविना दक्षिण नव्याने उभारायचा प्रयत्न झाला, त्या ‘पुनर्रचने’च्या काळाला वाहिलेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचं स्वागतकेंद्र तिथे आहे. २०१७ मध्ये ओबामांनी हे स्मारक जाहीर केलं. प्रवेश फुकट. वेळा मात्र निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या, काही दिवस बंद असतं. रेंजर मंडळींना मोकळेपणाने प्रश्न विचारा, ती मनापासून सांगतात.

तिथून चालत प्रिन्स स्ट्रीटला जा. ५११ क्रमांकाचं घर पदपथावरूनच बघायचं. या घरामागच्या खोलीत १८३९ साली रॉबर्ट स्मॉल्स जन्मले. त्यांची आई या घरात राबायची. पुढे ते चार्ल्सटन बंदरात ‘प्लांटर’ नावाच्या कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, जहाजावर सुकाणू सांभाळत. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना त्यांनी जहाज सोडलं, वाटेत बायकोमुलांना आणि सोबत्यांच्या माणसांना घेतलं, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढवली आणि किल्ल्यांना बिनचूक इशारे देत सम्टरच्या तोफांसमोरून जहाज थेट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं. कर थकल्यामुळे मालकाचं हे घर लिलावात निघालं, तेव्हा ते स्मॉल्स यांनीच घेतलं. पाच वेळा काँग्रेसवर निवडून गेलेला हा माणूस १९१५ साली याच घरात वारला. जवळच टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्यांची समाधी आणि अर्धपुतळा आहे. स्वतः गुलामीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनचं नवं स्मारकही तिथेच.

दुसरा अख्खा दिवस सेंट हेलेना बेटाला द्या. सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर राहू नका, गाडी हवीच. पेन सेंटर म्हणजे १८६२ मध्ये लॉरा टाउन आणि एलन मरी यांनी सुरू केलेल्या शाळेची जागा. लॉरा टाउन पेनसिल्व्हेनियातून आल्या आणि १९०१ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिल्या. शाळेचे वर्ग आधी समोरच्या ब्रिक चर्चमध्ये भरत. हे चर्च गुलामांनी १८५५ मध्ये विटा रचून बांधलं, आणि बांधणाऱ्यांनाच वरच्या सज्जात बसावं लागे. खाली मालकांची बाकं. मालक पळाल्यावर तीच माणसं खाली येऊन बसली आणि त्यांची पोरं तिथे मुळाक्षरं गिरवू लागली. आत जायला मिळालं तर सज्जाकडे मान वर करून जरूर बघा.

मदतीला आलेल्या उत्तरेच्या लोकांशीही इथल्यांचे खटके उडाले, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटतात. सरकारला कापूस हवा होता. लोकांना मका आणि रताळी लावायची होती. मळेवाले गेल्यावर त्यांनी काही ठिकाणी सरकी काढायची यंत्रंच फोडून टाकली. मजुरी वेळेवर मिळत नसे. मे १८६२ मध्ये उत्तरेच्या जनरल हंटरच्या शिपायांनी मळ्यांवरून तरुणांना जबरदस्तीने फौजेत नेलं. मुक्त करणाऱ्यांनीही आधी विचारलं नाही, हुकूमच सोडला.

जमिनीचं काय झालं, हे पेन सेंटरच्या संग्रहालयात नीट समजून घ्या. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्याच जनरल शर्मनने किनारपट्टीची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त झालेल्या कुटुंबांना देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी लिंकननंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. सेंट हेलेनावर मात्र करथकबाकीच्या लिलावात काहींनी पैसे जमवून वैध खरेदीखतं केली होती, ती टिकली. म्हणून आजही इथे ‘गल्ला’ लोकांची, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांची, शेतं आहेत. आता भीती वेगळी आहे. वाटणी न झालेली सामाईक जमीन, कुठल्यातरी दूरच्या वारसाकडून बिल्डर हिस्सा विकत घेतो आणि कोर्टातून सगळ्याच जमिनीची विक्री घडवून आणतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर डझनभर नावं असलेल्या घरातल्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटलेल्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा ही शाळा चालू होती आणि स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये बसत होते. राज्याच्या १८६८ च्या घटनासभेत काळ्या सदस्यांचं बहुमत होतं. सर्वांसाठी मोफत शाळांची तरतूद तिथेच झाली. पुण्यात ज्या आशेने ती अर्पणपत्रिका लिहिली गेली, ती आशा तेव्हा इथे खरोखर उभी होती. १८७७ मध्ये केंद्राची फौज मागे घेतली गेली आणि १८९५ च्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार जवळपास संपवला. ती घटना लिहिणाऱ्या सभेतही स्मॉल्स उभे राहून लढले आणि हरले. पेन सेंटरच्या अंगणात मला हे सारं एकदम आठवलं आणि फार वाईट वाटलं.

हिल्टन हेड बेटावर मिचेलव्हिलसाठी जा. १८६२ मध्ये वसलेलं हे मुक्त लोकांचं गाव. आपले पदाधिकारी ते स्वतः निवडत आणि सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची होती. आज तिथे माहितीच्या पाट्या आणि समुद्राकडे जाणारी पायवाट आहे. आसपासच्या फाटकबंद श्रीमंत वसाहतींच्या नावांत अजूनही ‘प्लांटेशन’, म्हणजे मळा, मिरवतं. त्या पाट्यांसमोरून गाडी नेताना मी गप्प झाले.

खाण्याचं : शाकाहारी असाल तर दरवेळी विचारा. लाल भात, पालेभाजी, चवळी-भात, सगळ्यांत डुकराचं मांस असू शकतं, भेंडीतही. मार्च-एप्रिल किंवा नोव्हेंबर उत्तम. उन्हाळ्यात उकाडा आणि डास, जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. संध्याकाळी पाणथळीजवळ चिलटं अंग फोडून काढतात, पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा.

चार्ल्सटनला परतताना हायवे १७ वर कॉम्बाही नदीचा पूल लागतो. २ जून १८६३ च्या पहाटे टबमन आणि कर्नल मॉन्टगोमेरी काळ्या सैनिकांच्या बोटी घेऊन या नदीत शिरले. भाताच्या मळ्यांतून सातशेहून अधिक माणसं, पोरं काखेत, शिजत असलेल्या भाताची भांडी डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडे धावली. पुलावर गाडी थांबवू नका, वाहनं वेगात असतात. शेजारी होड्या पाण्यात सोडायची जागा आहे, तिथे उतरून नदी बघता येते.