माती ओली, तरी अळू मान का टाकतंय?

गेल्या एप्रिलात आमच्या गोरेगावच्या घरी रोज दुपारी हेच चाललेलं. पश्चिमेच्या खिडकीत ग्रिलमध्ये अळूची कुंडी आहे, दोन वाजले की पानं माना टाकायची. आई म्हणायची पाणी कमी पडतंय गं, घाल अजून एक तांब्या. पण मी बोट घालून बघितलं तर माती चांगली ओली! मोबाईलवर हवा ३३ डिग्री, ह्युमिडिटी ६०%. जिथे आपला घाम सुकत नाही तिथे झाडाचं पाणी एवढं कसं उडतं, काही केल्या डोक्यात बसेना.

दादा एसी सर्व्हिसिंगचं काम करतो, त्याच्याकडची थर्मामीटर गन आणली आणि पानावर धरली. ३९! हवेपेक्षा ६ डिग्री जास्त. थेट ऊन, खाली तापलेला पत्रा, त्यात अळूचं पान एवढं मोठं की वारा नसला तर गरम हवा त्याला चिकटूनच राहते.

मेख इथेच आहे. पानाच्या आतली हवा जवळपास १००% ओलीच असते, पण त्यात वाफ किती मावणार ते पान किती तापलंय त्यावर. वाफेचा दाब किलोपास्कलमध्ये मोजतात. पान ३३ डिग्रीला असेल तर आत साधारण ५, बाहेर ६०% म्हणजे ३, फरक २. पान ३९ ला गेलं की आत ७, बाहेर तेच ३, फरक ४. ह्युमिडिटी तीच, पण पाणी ओढणारा जोर डबल! मग मुळांना पुरवठा झेपत नाही, पान आपली पर्णरंध्रं (वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं) मिटून घेतं, आणि पाणी उडायचं थांबलं की त्याचा गारवाही जातो, म्हणून ते अजून तापतं.

पानांवर स्प्रे मारून बघितला, काही मिनिटांत सुकून परत तेच. शेवटी हिरवी नेट बांधली आणि पत्र्यावर जुनं गोणपाट टाकलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता गन ३४ दाखवत होती आणि पानं ताठ, मला इतका आनंद झाला की आईला झोपेतून उठवून दाखवलं.

जुलैत उलटं. २८ डिग्री, ९०%, फरक अर्ध्या किलोपास्कलच्याही आत, झाड पाणी पितच नाही म्हणा ना, तेव्हा जास्तीचा तांब्या नको. पहाटे पानाच्या टोकाला एक टपोरा थेंब लोंबत असतो, आईला ते पावसाचं पाणी वाटायचं. ते अळूनेच बाहेर टाकलेलं असतं, वाफ होऊन जायला हवेत जागाच नसते ना.