गणपूर्तीअभावी अडलेला सर्व्हर

‘नेटवर्कमुळे सर्व्हर अडकला आहे’ असा निरोप मला मिळाला तेव्हा रविवारची दुपार कलली होती. एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या आणि त्यासाठी सर्व्हर रूममधली सगळी यंत्रे सकाळी रीतसर बंद करण्यात आली होती. बॅटऱ्या बसल्या, वीज आली, बाकीची यंत्रे मुकाट्याने चालू झाली. ज्यावर सर्व शाखांचे व्यवहार नोंदले जात तो सन कंपनीचा ‘सन फायर व्ही२४०’ हा सर्व्हर मात्र लॉगिनपर्यंत येईना. हे साधारण २००८ च्या सुमाराचे आहे. त्या सर्व्हरवर सोलॅरिस ९ ही सनची ऑपरेटिंग सिस्टिम होती, आत दोनच डिस्क होत्या, आणि त्या दोन्ही सोलॅरिस व्हॉल्यूम मॅनेजर या डिस्का सांभाळणाऱ्या प्रोग्रामने एकमेकींच्या मिरर, म्हणजे आरशातल्यासारख्या हुबेहूब प्रती, केलेल्या होत्या. सोमवारी सकाळी शाखा उघडण्यापूर्वी तो चालू होणे भाग होते.

मी पोहोचण्याआधी नेटवर्कचा माणूस येऊन स्विचच्या केबली दोनदा बदलून गेला होता. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरचे संदेश दाखवणाऱ्या पडद्यावर, दर काही सेकंदांनी ‘टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट’ ही एकच ओळ उमटत होती आणि ती वाचणारा कोणीही नेटवर्ककडेच बोट दाखवील. सनच्या यंत्रांवर काम केलेल्यांना मात्र ही ओळ वेगळे काही सांगते. या यंत्रांच्या ओपनबूटमध्ये, म्हणजे वीज येताच चालणाऱ्या अंगभूत प्रोग्राममध्ये, बूट करायच्या (ऑपरेटिंग सिस्टिम चढवायच्या) साधनांचा मूळ क्रम ‘डिस्क, मग नेट’ असा असतो. पहिली डिस्क उघडली नाही की यंत्र निमूटपणे नेटवर्कवरून बूट होण्याचा प्रयत्न सुरू करते आणि कोणीच उत्तर देत नसल्याने तीच ओळ छापत राहते. डिस्क उघडता आली नाही, ही खरी तक्रार कन्सोलवर एकदाच येते आणि या ओळींच्या रांगेत वर सरकून दिसेनाशी होते.

एलॉमच्या, म्हणजे सर्व्हरवर बाहेरून नियंत्रण ठेवणाऱ्या भागाच्या, सिरीयल पोर्टला लॅपटॉप जोडून मी ब्रेक (थांबण्याचा संकेत) दिला आणि ओपनबूटच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर आलो. तिथून थेट ‘प्रोब-स्कझी-ऑल’ ही जोडलेल्या डिस्का शोधणारी आज्ञा चालवण्याचा मोह होतो, पण अर्धवट बूट झालेल्या यंत्रावर ती आज्ञा दिली तर ते तिथेच गोठू शकते. म्हणून आधी ‘ऑटो-बूट?’ (आपोआप बूट होणे) बंद करायचे, ‘रीसेट-ऑल’ द्यायचे आणि मगच डिस्कांची चौकशी करायची. चौकशीत फक्त टार्गेट १ ने उत्तर दिले. टार्गेट ० म्हणजे पहिली डिस्क गायब होती. रॅकचे दार उघडून पाहिले तर दुसऱ्या डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि पहिलीवर काहीच नव्हते.

मिररची एक बाजू गेली तर दुसरीवरून बूट करावे, हे ओघानेच आले. ‘बूट डिस्क१’ दिले, तर उत्तर आले की लोड केलेली फाइल एक्झिक्युटेबल दिसत नाही. याचा अर्थ दुसऱ्या डिस्कवर बूट ब्लॉकच नव्हता. रूट स्लाइसच्या, म्हणजे डिस्कच्या ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या भागाच्या, पहिल्या सेक्टरानंतरच्या पंधरा सेक्टरांत बूट सुरू करून देणारा हा छोटा प्रोग्राम बसतो आणि मिरर तयार केला म्हणून तो आपोआप तिकडे उतरत नाही. ‘इन्स्टॉलबूट’ने तो वेगळा लिहावा लागतो. ज्यांनी मूळ मांडणी केली त्यांनी तो लिहिला नव्हता. सोलॅरिसची सीडी तिजोरीसारख्या एका कपाटात होती, किल्ली रजेवर गेलेल्या गृहस्थांच्या घरी होती. ती येईपर्यंतचा वेळ चहात गेला. सीडीवरून सिंगल यूजर मोडमध्ये, म्हणजे देखभालीपुरत्या अवस्थेत, जाऊन दुसऱ्या डिस्कवर बूट ब्लॉक लिहिला आणि पुन्हा ‘बूट डिस्क१’ दिले.

या वेळी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चढला, सनची ओळखीची बॅनर ओळ आली, खोलीतल्या चारपाच माणसांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच यंत्र थांबले. कन्सोलवरचा मजकूर असा होता: ‘इनसफिशियंट मेटाडिव्हाइस डेटाबेस रेप्लिकाज लोकेटेड’, म्हणजे मिररच्या नोंदींच्या डेटाबेसच्या पुरेशा प्रती सापडल्या नाहीत. त्याखाली सूचना होत्या की बिघडलेल्या प्रती ‘मेटाडीबी’ या आज्ञेने काढून टाका, फाइल सिस्टिम केवळ वाचता येण्याजोगी असल्याच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करा, नंतर यंत्र पुन्हा सुरू करा. चूक दाखवताना उपायही इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणारी यंत्रे मी फार थोडी पाहिली आहेत.

‘अहो, पण आरसा आहे ना? मग एक डिस्क गेल्यावर अडायचे काय कारण?’ असे बँकेच्या संगणक विभागाच्या प्रमुखांनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. कोणते स्लाइस मिळून कोणता मिरर होतो, कोणती बाजू ताजी आहे आणि कोणती बाद झाली आहे, याची नोंद व्हॉल्यूम मॅनेजर एका छोट्या स्टेट डेटाबेसमध्ये ठेवतो आणि त्याच्या अनेक प्रती डिस्कांवर पसरवून ठेवलेल्या असतात. या यंत्रावर प्रत्येक डिस्कच्या सातव्या स्लाइसवर तीन, अशा एकूण सहा प्रती होत्या. नियम असा आहे की चालू यंत्राला निम्म्या प्रती पुरतात. निम्म्याहून कमी उरल्या तर ते पॅनिक होऊन पडते. पण बूट होताना मल्टियूजर, म्हणजे नेहमीच्या कामाच्या, पातळीला जायचे तर निम्म्याहून किमान एक प्रत अधिक सापडलीच पाहिजे. सहापैकी तीन म्हणजे बरोबर निम्म्या. सहकारी संस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी एवढेच सांगितले की ही गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा आहे, आणि ते त्यांना तत्काळ पटले.

चालू असताना निम्म्या पुरतात आणि सुरू होताना का पुरत नाहीत, हा भाग मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. चालू यंत्राच्या कर्नलच्या स्मृतीत खरी स्थिती असते. कोणती डिस्क केव्हा बाद झाली हे त्याने स्वतः पाहिलेले असते. बूट होणाऱ्या यंत्राला मागचे काहीच आठवत नसते, त्याच्यापुढे फक्त डिस्कांवरची लेखी साक्ष असते. समजा, पहिली डिस्क काही आठवड्यांपूर्वी बाद झाली. त्या क्षणापासून तिच्यावरच्या तीन प्रतींत नवे काही लिहिले गेले नाही, म्हणजे त्यांच्या मते दोन्ही बाजू अजून ठणठणीत आहेत. आता वीज गेल्यावर ही बाद डिस्क योगायोगाने जिवंत झाली आणि चांगली डिस्क मात्र दिसली नाही, तर निम्म्यावर समाधान मानणारे यंत्र कोणतीही कुरकुर न करता काही आठवड्यांपूर्वीची खातेवही घेऊन उभे राहील. बँकेच्या दृष्टीने बंद यंत्रापेक्षा हे कितीतरी भयंकर. म्हणून निर्णय माणसावर सोपवून यंत्र थांबते, आणि माझ्या मते त्याचे ते थांबणे अगदी योग्य आहे.

खोलीतल्या एकाने सुचवले, ‘साहेब, ती पहिली डिस्क काढून, थोडी ठोकून परत बसवू या का? कधीकधी चालू होतात.’ होतात, हे खरेच आहे. म्हणूनच मी ती स्लॉटमधून काढली, तिच्यावर ‘बाद’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि टेबलावर वेगळी ठेवली. उरलेल्या डिस्कवरचा डेटा ताजा आहे, याची खात्री होण्यापूर्वी जुनी बाजू मध्ये येऊ देणे मला परवडणारे नव्हते.

रूटचा पासवर्ड देऊन ‘मेटाडीबी -आय’ चालवले. सहा ओळी आल्या. दुसऱ्या डिस्कच्या तीन ओळींपुढे सगळी लहान अक्षरे होती. पहिलीच्या तीन ओळींपुढे मोठा ‘एम’ आणि आकाराच्या जागी ‘अननोन’. या आज्ञेत लहान अक्षर म्हणजे सुस्थिती आणि मोठे अक्षर म्हणजे बिघाड, एवढे लक्षात ठेवले की पुरे. ‘मेटाडीबी -डी’ने पहिल्या डिस्कच्या सातव्या स्लाइसवरच्या प्रती काढल्या, फाइल सिस्टिमविषयीची अपेक्षित तक्रार आली, तिच्याकडे सांगितल्याप्रमाणे दुर्लक्ष केले. आता एकूण प्रती तीन आणि सापडलेल्या तीन. पुन्हा बूट केल्यावर लॉगिन आले.

डेटाबेस लगेच उघडू दिला नाही. आधी शनिवारच्या दिवसअखेरीच्या छापील अहवालातल्या शाखावार शिलका पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. बँकेच्या दोन मॅडम मुद्दाम त्यासाठी घरून आल्या होत्या आणि त्यांनी पैशापैशाचा मेळ लावला. मग लॉग पाहिले. जुन्या मेसेजेस फाइलींपैकी एकीत ‘डी१०’ या सबमिररवर, म्हणजे मिररच्या एका बाजूवर, राइट एरर आल्याची आणि त्याला देखभाल हवी असल्याची स्पष्ट नोंद होती. म्हणजे डिस्क त्या दिवशी गेलीच नव्हती. ती आधीच गेली होती, आणि मिररने आपले काम इतके चोख केले की कोणाला पत्ताच लागला नाही. बॅटऱ्या बदलल्या नसत्या तर दुसरी डिस्क जाईपर्यंत तो लागलाही नसता.

पुढचे काम सरळ होते. नवी डिस्क आल्यावर चांगल्या डिस्कचा स्लाइस नकाशा ‘पीआरटीव्हीटीओसी’ आणि ‘एफएमटीहार्ड’ने तिच्यावर उतरवला, डेटाबेसच्या प्रती पुन्हा घातल्या, ‘मेटारिप्लेस’ने मिरर जोडून दिला. मिररची स्थिती दाखवणाऱ्या ‘मेटास्टॅट’मधली रीसिंकची (चांगल्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर उतरण्याची) टक्केवारी सावकाश वर जात राहिली. बूट ब्लॉक नव्या डिस्कवरही लिहिला आणि ओपनबूटचा क्रम ‘डिस्क, डिस्क१’ असा केला; ‘नेट’ तिथून काढूनच टाकले.

गणपूर्तीचा प्रश्न मात्र तसाच होता. सिस्टिम फाइलीत ‘मिरर्ड रूट फ्लॅग’ची एक ओळ घातली की निम्म्या प्रतींवरही यंत्र बूट होते, आणि दोन डिस्कांच्या यंत्रावर पुष्कळजण ती घालतात. मी ती घातली नाही. वर सांगितलेल्या जुन्या खातेवहीला दार उघडणारी हीच ती ओळ. व्ही२४० मध्ये चार डिस्कांची जागा असते, त्यामुळे तिसऱ्या जागी एक लहान डिस्क बसवून तिन्हींवर दोन-दोन प्रती ठेवण्याची शिफारस मी लेखी दिली. खर्च किरकोळ असूनही मंजुरीला दोन बैठका लागल्या. डिस्क बसल्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी, पूर्ण बॅकअप घेऊन, आम्ही पहिली डिस्क मुद्दाम बाहेर काढून यंत्र सुरू केले. ओपनबूटने ती उघडत नसल्याची तक्रार केली, दुसरीवर गेले, सहापैकी चार प्रती सापडल्या आणि कोणी कीबोर्डला हात न लावता लॉगिन आले. मग डिस्क परत बसवून रीसिंक सुरू केला, आणि ‘मेटास्टॅट’मध्ये देखभालीची नोंद दिसताच विभागप्रमुखांना रोज सकाळी मेल जाईल अशी छोटी स्क्रिप्ट ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकली.