तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅगनबॉर्न कुणाच्या वंशातला?

"ड्रॅगनबॉर्न शेवटी सेप्टिम घराण्यातलाच निघतो ना?" 'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम नव्याने खेळायला घेतलेलं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. मागच्या महिन्यात भाच्याने विचारला, त्याआधी ऑफिसातल्या एका मुलाने. दर वेळी मी "नाही रे" म्हणून सोडून देते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. त्या एका "नाही"साठी मी हा खेळ इतकी वर्षं खेळते आहे, ते सांगायचं राहूनच जातं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्कायरिम' आला २०११ साली. हात बांधलेल्या एका कैद्याला घोडागाडीतून शिरच्छेदाला नेतायत, तिथून सुरुवात होते. तो कैदी म्हणजे आपण. गाव कुठलं, आईबाप कोण, गुन्हा काय, कुणी काही सांगत नाही. पुढे आपण एक ड्रॅगन मारतो, त्याचा आत्मा आपल्यात उतरतो आणि कळतं की आपण ड्रॅगनबॉर्न आहोत: देह मर्त्य, आत्मा ड्रॅगनचा.

आता सेप्टिम घराण्याचा संशय का येतो, तेही खरं आहे. याच मालिकेतल्या आधीच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) सम्राट यूरिएल सेप्टिमचा खून होतो, तिन्ही राजपुत्र मारले जातात, आणि सम्राटाचा एक अनौरस मुलगा कुठेतरी जिवंत आहे असं समजतं. तो मार्टिन, क्वाच शहरातला साधा पुजारी. राजांचा ताईत फक्त ड्रॅगनबॉर्नच्या गळ्यात टिकतो, आणि तो मार्टिनच्या गळ्यात टिकतो. हे पाहिलेल्या माणसाला वाटणारच की गादी, रक्त आणि ड्रॅगन ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत. पण शेवटी मार्टिन तो ताईत फोडतो, अकातोश देवाचं, म्हणजे अग्नीच्या ड्रॅगनचं रूप घेतो आणि शत्रूला हरवून दगड होऊन उभा राहतो. घराणं तिथे संपलं. 'स्कायरिम'ची कथा त्यानंतर दोनशे वर्षांनी घडते.

खेळात एक जुनी पोथी सापडते, एका मठाधिपतीने लिहिलेली. कपाटात, टेबलावर, कुठेही पडलेली असते. बहुतेक जण ती उघडून बंद करतात. मी मात्र ती सावकाश वाचते. लिहिणारा म्हणतो, सेप्टिम सगळे ड्रॅगनबॉर्न होते म्हणून लोकांनी हे आनुवंशिक आहे असं सोपं अनुमान काढलं. पण सेप्टिमांच्या आधीचे राजे सगळेच एकमेकांचे नातलग नव्हते. त्या राजांमध्ये पहिली अलेसिया. ती गुलाम होती. तिने बंड केलं आणि अकातोशने आपल्या काळजातलं रक्त तिला दिलं. तिच्यानंतर बऱ्याच काळाने सम्राट रेमन आला. रेमन अलेसियाचा वंशज असल्याच्या दंतकथा पुष्कळ आहेत, पण त्यातल्या बहुतेक रेमनच्याच काळातल्या, त्याच्या राज्याला अधिकार मिळावा म्हणून रचलेल्या असाव्यात, असंही तो लिहितो. राज्य आधी, वंशावळ मागाहून. इतकी शहाणी नोंद खेळ बनवणाऱ्यांनी एका कोपऱ्यातल्या पोथीत ठेवली, याचं मला फार अप्रूप आहे.

शिवाय खेळ सुरू करताना दहा जमातींपैकी कुठलीही निवडता येते. माझी ड्रॅगनबॉर्न अर्गोनियन आहे: अंगभर खवले, लांब शेपूट, पाण्याखाली श्वास घेणारी. तिला सेप्टिमांच्या वंशवृक्षात कुठे बसवणार?

ज्यांना खरोखर वंशाचाच खेळ हवा आहे, त्यांनी १९९६ चा जपानी 'फायर एम्ब्लेम' पाहावा, पवित्र युद्धाच्या वंशावळीचा. तिथे ड्रॅगनांनी बारा वीरांना आपलं रक्त दिलं आहे, आणि कुणाचं कुणाशी लग्न लागलं यावर पुढच्या पिढीतलं कोण कुठलं शस्त्र उचलणार हे ठरतं. अर्धा खेळ आईबापांचा, अर्धा मुलांचा. तो मला आवडतोही. पण तिथे जन्मालाच सगळं ठरलेलं असतं.

'स्कायरिम'मध्ये वारसा आहेच, फक्त तो आईबापांकडून येत नाही. व्हाइटरन शहराच्या पश्चिमेच्या बुरुजापाशी पहिला ड्रॅगन पडतो, मिर्मुल्निर. मरताना तो आपल्याला ओळखतो, "डोव्हाकीन? नाही!" म्हणून ओरडतो. डोव्हाकीन म्हणजे ड्रॅगनांच्या भाषेत ड्रॅगनबॉर्न. मग त्याचं मांस पेटत जातं, उजेडाचे लोट वाऱ्यासारखे आपल्याकडे येतात, आणि मागे उरतो नुसता सांगाडा. शिपाई दबकत जवळ येतात. त्यातला एक म्हणतो, आता शब्द उच्चारून बघ. त्याआधी एका थडग्यातल्या भिंतीवर 'फुस' हा ड्रॅगनांच्या भाषेतला शब्द आपण वाचलेला असतो. असे शब्द उच्चारले की त्यांचीच शक्ती बाहेर पडते, तिला वाणी म्हणतात. फुस म्हणजे जोर. वाचला होता, पण उमगला नव्हता. तो उमगतो या मेलेल्या ड्रॅगनच्या आत्म्यातून. हाय ह्रॉथगार या डोंगरावरच्या मठातले म्हातारे साधक ही वाणी शिकण्यात आयुष्य घालवतात. बंडखोरांचा नेता उल्फ्रिकसुद्धा त्यांच्याकडे वर्षानुवर्षं राहून शिकला, त्याच्यात ड्रॅगनचं रक्त नव्हतं. आपल्याला मात्र क्षणात मिळतं, आणि देणारा आपण मारलेला असतो. एरवी ड्रॅगन मेला तरी कायमचा संपत नाही. ड्रॅगनांचा म्होरक्या अल्डुइन त्याला पुन्हा उठवू शकतो. आत्मा आपण घेतला की मात्र तो कायमचा गेला. म्हणून सांगाड्यापाशी मी थोडा वेळ तरी थांबते.

आणि या रक्ताने माणूस चांगला होतो असंही नाही. मिराक पहिला ड्रॅगनबॉर्न, त्याने तीच शक्ती इतरांची मनं वाकवायला वापरली. उलट पार्थरनॅक्स पुरा ड्रॅगन, एके काळी अल्डुइनचा उजवा हात, माणसांवर अत्याचार केलेला. नंतर त्यानेच माणसांना वाणी शिकवली आणि जगाच्या सर्वांत उंच शिखरावर एकटा बसला. सत्ता गाजवायची ओढ आपल्या रक्तातच आहे, ती रोज ध्यानाने आवरावी लागते, हे तो स्वतः सांगतो. जन्मतः चांगलं असणं मोठं, की आपल्या दुष्ट स्वभावावर कष्टाने मात करणं, असं तो विचारतो तेव्हा पहिल्यांदा मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

पुढे ब्लेड्स हा ड्रॅगन मारणाऱ्यांचा पंथ अट घालतो: पार्थरनॅक्सला मारा, तरच आम्ही मदत करू. मी कधीच मारलं नाही. भाच्याने माझ्या कामांची यादी पाहून विचारलं, "मावशी, हे एवढं एकच अपुरं का ठेवलंयस?" मी त्याला माझ्या अर्गोनियनला घेऊन शिखरावर नेलं. बर्फ पडत होता, आणि पार्थरनॅक्स आपल्या दगडी भिंतीवर बसलेला होता.