लेयर कथा गया?

म्हणजे लेयर कुठे गेले? फोटो स्टुडिओत फोटोशॉपवर नव्याने बसलेल्या पोराच्या तोंडून हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी निघतो. भुसावळ असो की चोपडा, उत्तर एकच: एफ ७ दाब. लॅपटॉप असेल तर बहुतेक वेळा सोबत एफएनही धरावी लागते. लेयर पॅनल, म्हणजे फोटोचे एकावर एक थर दाखवणारी चौकट, कुठे जात नाही. ते मिटतं, झाकलं जातं, नाहीतर दुसऱ्या पॅनलच्या पाठीमागे जाऊन बसतं.

सगळ्यात जास्त घोळ टॅब घालते. डीटीपीत मुरलेल्या हाताला नाव आणि गाव यांच्यामध्ये टॅब मारायची सवय असते. मजकुरात कर्सर लुकलुकत नसेल, तर तीच टॅब डावीकडचा टूलबार आणि उजवीकडची सगळी पॅनल एका फटक्यात गायब करते. पुन्हा टॅब मारली की सगळी हजर. शिफ्ट-टॅबने फक्त पॅनल जातात, टूलबार राहतो.

त्याहून गंमत गावाच्या नावाची. टाइप टूलने क्लिक करायचं राहून गेलं आणि इंग्रजीत ‘फैजपूर’ बडवलं, तर फोटोशॉप त्यातलं प्रत्येक अक्षर हुकूम म्हणून पाळतं. एफला स्क्रीन मोड बदलतो आणि वरचे फाइलचे टॅब नाहीसे होतात. एला पाथ सिलेक्शन, आयला आयड्रॉपर, झेडला झूम, पीला पेन, यूला शेप येतो आणि आरला रोटेट व्ह्यू. आता माउस ओढला की नवरदेव तिरपा. फोटो खराब झालेला नसतो, फक्त नजर फिरलेली असते. वरच्या पट्टीतलं रिसेट व्ह्यू दाबायचं, मग एफ दोनदा. स्क्रीन मोड तीनच आहेत, त्यामुळे तिसऱ्या एफला माणूस घरी पोचतो.

हे झालं हरवलेलं शोधणं. मुळात कोणती वस्तू कुठे ठेवायची हे ठरवलेलं असेल तर शोधाशोध निम्मी होते. आपल्याकडच्या स्टुडिओत एकाच मशीनवर सकाळी पासपोर्ट फोटो, दुपारी हळदीचा अल्बम आणि संध्याकाळी वाढदिवसाचं बॅनर चालतं. तिन्हींना एकच मांडणी म्हणजे रोजची ओढाताण.

पॅनल हलवताना ते नावाच्या टॅबला धरून ओढायचं. निळी चौकट दिसली तर ते त्या गटात शिरणार, निळी रेघ दिसली तर शेजारी किंवा खाली बसणार. कुठेच चिकटू नये असं वाटत असेल तर ओढताना कंट्रोल धरावी. लहान पडद्यावर दुहेरी बाण दाबून पॅनल आयकॉनएवढी करावीत, नाहीतर फोटोला खिडकीएवढीच जागा उरते. न लागणारी टूल्स एडिट मेनूतल्या टूलबारमधून उजव्या यादीत ढकलली की ती तीन टिंबांखाली जातात. आमच्या मते मांडणीतलं निम्मं काम हे असं काढून टाकण्याचंच आहे.

मग मांडणी साठवायची: विंडो मेनू, वर्कस्पेस, न्यू वर्कस्पेस. इथे नावाखाली कीबोर्ड शॉर्टकट्स, मेनूज आणि टूलबार अशा तीन चौकटी असतात. पॅनलच्या जागा खुणेशिवायच त्या मांडणीत साठवल्या जातात, पण टूलबारची खूण विसरलात तर केलेली छाटणी त्या मांडणीत येत नाही. शॉर्टकटची खूण मात्र जपून करावी. दोन मांडण्यांत एकच की दोन वेगळी कामं करू लागली की हात गोंधळतो.

पासपोर्टच्या मांडणीत, रेकॉर्ड करून ठेवलेली कामं दाखवणारं अ‍ॅक्शन्स पॅनल मोठं ठेवावं आणि त्याच्या मेनूतून बटन मोड लावावा, म्हणजे प्रत्येक काम एका बटनावर येतं. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर म्हणजे ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ४१३ बाय ५३१ पिक्सेल, आणि ४ बाय ६ इंची कागदावर असे आठ बसतात. हे सगळं एका बटनात मावतं. फक्त बटन मोडमध्ये अ‍ॅक्शन दुरुस्त करता येत नाही, आधी तो मोड काढावा लागतो. बटन बिघडलंय असं समजून पुष्कळजण अ‍ॅक्शन पहिल्यापासून रेकॉर्ड करत बसतात.

अल्बमला लेयर्स, हिस्ट्री, अ‍ॅडजस्टमेंट्स हवेतच, पण हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेखही उघडा ठेवावा, ऑल चॅनल्स व्ह्यूमध्ये. उन्हातल्या हळदीत लाल चॅनल सगळ्यात आधी उजव्या भिंतीला टेकतो, म्हणजे तिथला तपशील उडतो. एकत्र आलेख पाहून ते कळेलच असं नाही. फोटोभोवतीचा रंगही मांडणीचाच भाग. तिथे राइट क्लिक करून मधला करडा निवडावा. काळ्याभोर पार्श्वभूमीवर चेहरा आहे त्याहून उजळ दिसतो, मग हात तो अंधारवतो आणि प्रिंटमध्ये नवरी सावळी येते. त्यानंतर मुलीच्या मामांशी होणारं बोलणं कुठल्याच मेनूत नाही.

बॅनरला कॅरेक्टर, पॅराग्राफ, स्वॉचेस पुरे.

आता वीज. पॅनलच्या जागांतले ताजे बदल प्रोग्रॅम नीट बंद होताना लिहिले जातात. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत मध्येच लाइट गेली आणि यूपीएस थकलेला असला, की फोटोशॉप उघडताना कालचीच मांडणी समोर येते. म्हणून हलवाहलव मनासारखी झाली की लगेच त्याच नावाने पुन्हा सेव्ह करावी. जुनी बदलू का असं विचारेल, हो म्हणावं. हे न करता नंतर वर्कस्पेस मेनूतलं रिसेट दाबलं तर मधली सगळी सुधारणा जाते, कारण रिसेट फक्त शेवटचं सेव्ह केलेलं जाणतं.

नावाचंही तेच. यादीत ‘नवीन’, ‘नवीन २’ आणि ‘फायनल नवीन’ अशा तीन मांडण्या असल्या तर नेमकी कोणती लावायची हे ज्याने केल्या त्यालाही सांगता येत नाही, आणि तो तर सुट्टी टाकून वरातीत गेलेला असतो.